तळघरातलं जेवण

लखनौच्या तेलीबागेतल्या मराठी मंडळींत चंद्रप्रभा इनामदारांची ख्याती एकच, बाईला भीती फार! गॅसची नळी, इस्त्रीची वायर, लिफ्टचं दार, गाडीत अनोळखी माणसानं दिलेला पेढा, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. घराला कुलूप लावलं की ओढून बघणार, फाटकापर्यंत जाऊन परत येणार आणि पुन्हा ओढणार. आणि अशा बाईला नवरा मिळाला तो दत्तात्रय इनामदार! हवाई दलातून निवृत्त झालेला वॉरंट ऑफिसर, भीती या शब्दाचंच ज्याला वावडं. बाईंनी म्हणावं, "अहो, गीझरला हात लावू नका, झटका बसतोय," की यांनी गीझरवर पंजा ठेवलाच. "बघ प्रभा, आहे का काही?" म्हणून हसायचं. आणि खरंच काही नसायचं हो! गोमतीच्या पुरात उतरायचं असो की कुणाच्या पिसाळल्यासारख्या कुत्र्याला थोपटायचं असो, हा माणूस दर वेळी हसत परत आला. मग त्या बाईंचं ऐकणार कोण?

मुलगा हृषीकेशही बापाच्याच वळणावर गेला. जन्म लखनौचा, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात त्याचं इंदिरा नगरच्या रस्तोगींच्या हिमानीशी जमलं. मुलगी गुणी, माणसं तालेवार. लग्नाची तारीख ठरवायला दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं ठरलं, आणि निघण्याआधी हृषीकेशनं आईला समोर बसवून बजावलं, "आई, आज प्लीज कुछ मत बोलना. ना लिफ्ट, ना वायर, कुछ नहीं. हिमानी के पापा को सीन बिल्कुल पसंद नहीं."

"नाही रे बाबा बोलत," चंद्रप्रभा म्हणाल्या. "तोंडाला कुलूप लावते, मग तर झालं?"

जागा रस्तोगींनीच निवडली होती. नदीकाठची एक जुनी कोठी. वर्षानुवर्षं तिथं वटवाघळांखेरीज कुणी राहत नव्हतं. मग कुणा कंपनीनं ती घेतली, चुना-सुरखीनं कमानी पुन्हा उभ्या केल्या, गच्चीवर दिवे सोडले आणि आत बिअर गाळायची भट्टी टाकली. वरच्या दालनात काचेमागे तांब्याची मोठमोठी भांडी चकाकत होती. पण खासे पाहुणे बसायचे ते खाली तळघरात. नवाबी काळात बायकामाणसं उन्हाच्या दुपारी जिथं थंडाव्याला जात, ते तळघर. बाहेर जूनची संध्याकाळ भाजून काढत होती आणि खाली पाऊल टाकताच अंगावर गारवा आला. जमिनीवर गाद्या, लोड, बुटक्या चौक्या आणि गाद्यांच्या कडेनं पितळेचे तेलाचे दिवे. पलीकडे एक जाळीचं दार होतं आणि दारामागे बिअर आंबवायच्या टाक्या. "यहीं बनती है, यहीं पीजिए," मॅनेजर मोठ्या अभिमानानं म्हणाला.

चंद्रप्रभांची नजर आधी कुठं गेली असेल? जिन्याकडे. अरुंद, वळणाचा, एकच. खिडकी एकही नाही. वर भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा घरघरत होता, तेवढाच काय तो आधार. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि हिमानीच्या दादीशेजारी जाऊन बसल्या.

जेवण रंगात आलं. दत्तात्रयांनी हवाई दलातले किस्से काढले, रस्तोगी मांडीवर थाप मारून हसले. काचेच्या उंच पेल्यांतून बिअर आली. बायकांसाठी आमपन्हं आलं. गलौटी कबाबाशेजारी हिमानीनं सासूसाठी मुद्दाम वेगळी शाकाहारी थाळी सांगितली होती. चंद्रप्रभांना भरून आलं. किती जपणारी पोरगी! हे लग्न आपल्या तोंडानं मोडायचं नाही, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि वीज गेली.

लखनौला त्यात नवल ते काय! क्षणभर नुसत्या दिव्यांचा उजेड राहिला, मग कुठंतरी जनरेटर खोकला आणि बल्ब लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंखा मात्र सुरू झाला नाही. त्याची घरघर थांबलेली फक्त चंद्रप्रभांना ऐकू आली. बोलावं का? हृषीकेशनं तेवढ्यात त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घालून घास घेतला.

थोड्या वेळानं रस्तोगींनी कपाळ चोळलं. "आज चढ़ गई लगता है." हिमानीच्या आईला जांभया येऊ लागल्या. दादी लोडावर कलंडून झोपी गेल्या. नाकात काहीतरी झोंबत होतं, सोडा ओठांशी नेल्यावर झोंबतं तसं. चंद्रप्रभांचं स्वतःचं काळीज उगाच धडधडत होतं. त्यांना वाटलं, झालं, आपलं नेहमीचं सुरू झालं.

जाळीच्या दाराजवळचा दिवा विझला. वेटरनं येऊन काडी ओढली, वात पेटवली. ती फडफडली आणि विझली. तेल तर काठोकाठ होतं. वारा म्हणाल तर नावाला नाही. मग त्याच्या शेजारचा दिवा विझला. मग अलीकडचा. वर कोनाड्यात ठेवलेल्या मेणबत्त्या मात्र खुशाल जळत होत्या. खालचे तेवढे एकेक करून जात होते आणि विझल्या दिव्यांची रांग गादीच्या कडेनं दादींकडे सरकत होती.

चंद्रप्रभांच्या हातातला घास ताटात पडला. त्यांचं माहेर सांगलीकडचं, हळदीच्या पेवांचं. जमिनीच्या पोटात खणलेल्या त्या खोल कोठारांत महिनोन् महिने हळद साठवून ठेवतात. पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत उतरायचं नाही. खालची हवा मेलेली असते. एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं जाळीमागे टाक्यांत बिअर आंबतेय, पंखा बंद, आणि आपण त्याच हवेत मांडी घालून जेवतोय!

"उठा!" त्या ओरडल्या. "सगळे उठा! वर चला! उठो, सब उठो!"

"प्रभा!" दत्तात्रय गरजले. "आई, नहीं यार!" हृषीकेशनं डोक्याला हात लावला. पण बाई आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हत्या. त्यांनी दादींच्या काखेत हात घातले. दादींचे ओठ निळसर झाले होते आणि मान लुळी पडली होती. त्यांना फरफटत जिन्याकडे ओढताना चौकी उलटली, पेले फुटले, रस्तोगीबाईंच्या साडीवर पन्हं सांडलं. बाईंचा हा काय अवतार म्हणून सगळे गोंधळून मागोमाग धावले. मॅनेजर आणि वेटरही आले. दादींना अंगणात आणून आडवं केलं, तसा त्यांनी मोठा श्वास ओढला आणि डोळे उघडले.

आता तरी पटावं की नाही? छे! दादी म्हणाल्या, "आँख लग गई थी." रस्तोगींचा चेहरा लाल झाला. "भाईसाहब, ये क्या तरीका है? मेरी माँ को घसीटा गया है!" हिमानी रडायला लागली. वरच्या दालनातली माणसं गॅलरीत येऊन बघत होती. मॅनेजर हात जोडून म्हणाला, पंखा तेवढा जनरेटरवर नाही, बाकी काही धोका नाही.

दत्तात्रयांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बायकोकडे बघितलं. रागानं नाही, ते असं कधी रागवायचेच नाहीत. "रस्तोगीसाहेब, माफ करा," ते म्हणाले, "मी स्वतः खाली जाऊन बसतो. पाच मिनिटं बसून दाखवतो, मग पुन्हा सगळे मिळून जेवू." आणि वळले.

चंद्रप्रभांनी त्यांची बाही धरली. "अहो, नका. तुमच्या पाया पडते. या वेळी नका हो."

"बघ तर खरं," असं म्हणून त्यांनी बाही सोडवून घेतली. हसलेसुद्धा.

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मग वाजायची थांबली. "बघ प्रभा..." एवढं वर ऐकू आलं. पुढं काही आलंच नाही. देवा, या माणसाला एकदा हसत वर येऊ दे, मला वेडी म्हणू दे, सगळ्या लखनौसमोर म्हणू दे! आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला आपण चुकावं असं वाटत होतं, जीव तोडून वाटत होतं.

"बाबा?" हृषीकेशनं हाक मारली. "बाबा!" आणि तो धावला.

जिन्याच्या तोंडाशी आईनं त्याला गाठलं. कमरेला मिठी मारून ती खाली बसली, पाय चौकटीला रोवले. पेवात पहिला माणूस पडतो तो न कळून. दुसरा पडतो तो मायेपोटी, पहिल्याला काढायला गेलेला. तिच्या सख्ख्या काकांच्या मागे तिचे वडील असेच उतरले होते आणि त्यांना धरायला तिथं कुणी नव्हतं. हे तिनं दत्तात्रयांनाही कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की ते हसत.

"आई, छोड़! छोड़ मुझे! बाबा नीचे हैं!" तो तिच्या हातांवर बुक्क्या मारत होता. "हो रे, आहेत," ती म्हणत होती, "आहेत माझ्या राजा," आणि रडत होती, पण हात सोडत नव्हती. मॅनेजरला तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, आगबंबवाल्यांना बोलाव, हवेच्या नळ्या लावलेली माणसं आण, आणि कुणाला खाली पाऊल टाकू दिलंस तर याद राख! आगबंबवाले आले तेव्हा मुखवटे चढवून दोघं उतरले आणि दत्तात्रयांना घेऊन आले. ते गादीवर मांडी घालून बसलेले आणि तसेच कलंडलेले सापडले होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, दत्तात्रय गेल्याचं डॉक्टर सांगून गेल्यावर, हृषीकेश आईच्या समोर उभा राहिला. तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. हिमानी तिच्याजवळ बसून त्यांवर बर्फ धरत होती. तो त्या दिवशी मराठीत बोलला.

"तू सोडलं असतंस तर मी आणलं असतं त्यांना. तू मला धरून ठेवलंस. मी तुला कधी माफ करणार नाही, आई."

चंद्रप्रभांनी मान वर केली. "नको करूस," त्या म्हणाल्या. "रागव. जन्मभर रागव माझ्यावर. रागवायला तू आहेस, मला तेवढं पुष्कळ आहे."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि बाई बाकावरून त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या, त्याचा श्वास चाललाय ना, तेवढंच.