शहाणा करून परत पाठवलेला कुत्रा

दीड महिन्याने आमचा कुत्रा ‘शिकून’ परत आला, तेव्हा तो दारातच बसला. आत ये म्हणेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. माझ्या नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याने टाळी वाजवली. त्या आवाजासरशी कुत्रा जमिनीला चिकटला, कान मागे गेले आणि त्याच्या पोटाखालून मुताचा ओघळ फरशीवर आला.

“लांबचा प्रवास झाला ना, म्हणून,” नवरा म्हणाला.

पवना धरणाच्या बाजूने लोणावळ्याला यायला लागतो फार तर पाऊण तास. मी फडकं आणायला आत गेले. बोलले काही नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग येतो तो माझ्या त्या न बोलण्याचा.

त्याला घरी आणलं होतं मीच. कामशेतच्या शाळेत मी वीस वर्षं शिकवते. शाळेच्या रस्त्यावर तांदळाचं एक दुकान आहे, तिथे रिकाम्या पोत्यावर हे पिल्लू झोपलेलं असायचं. तपकिरी रंग, पांढरं पोट, एक कान उभा आणि एक पडलेला. आई गाडीखाली गेली होती. “घेऊन जा बाई, हितं कुनाच्या तरी पायाखाली येईल,” दुकानदार म्हणाला. मी त्याला डब्याच्या पिशवीत घालून आणलं. त्याचं नाव इथे सांगत नाही. ते नाव आमच्या घरात आता कुणीच घेत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आठ महिन्यांचा झाला तसा तो अंगावर उड्या मारायला लागला. रागाने नव्हे, प्रेमानेच. पण शेजारच्या काकू त्या उडीने पायरीवरून पडल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. नवरा तळेगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथल्या कुणीतरी त्याला एका माणसाचा पत्ता दिला. धरणाच्या वाटेवर त्याची पत्र्याची शेड होती आणि बंगल्यांच्या राखणीची कुत्री तो तयार करून द्यायचा. अट एकच, मध्ये भेटायला यायचं नाही. आम्ही कबूल केलं. मीही केलं. मला शिस्त आवडायची. बाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं आमचे मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगायचे आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

परत आल्यावर गल्लीतले लोक त्याला बघायला यायला लागले. नवरा ‘सिट’ म्हणायचा, तो बसायचा. ‘स्टे’ म्हणायचा, की पाहुण्यांचा चहा संपेपर्यंत जागचा हलायचा नाही. “काय शिकवलंय हो!” लोक म्हणायचे. कुणाच्याही लक्षात आलं नाही की तो शेपटी हलवत नाही. भुंकत तर एकदाही नव्हता. आम्ही समोर असलो तर ताटलीला तोंड लावत नव्हता. मी खुंटीवरची छत्री काढली तर तो पलंगाखाली शिरायचा. वरणाचा डाव उचलला तरी फरशी ओली. आणि नावाने हाक मारली की यायचा, पण पोटावर सरपटत.

हे मी महिनाभर बघत होते. सवय होईल, असं स्वतःला समजावत होते.

मग एका सकाळी नवरा त्याला फिरवायला घेऊन निघाला, मी बरोबर होते. जुन्या हायवेच्या कडेला आल्यावर पट्ट्याची कडी सुटली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि कुत्रा घाबरून रस्त्यावर धावला. तसाच पळत राहिला असता तर पलीकडे पोचला असता. पण नवरा घाबरून त्याच्या नावाने जोरात ओरडला. नाव ऐकलं आणि कुत्रा भर रस्त्यात आडवा झाला. डोळे मिटून घेतले आणि पडून राहिला. समोरून टेम्पो येत होता.

टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला. चाक आणि कुत्रा यांच्यामध्ये माझा एक हात मावेल एवढी जागा उरली होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “बाई, मेलंय का जित्तं हाय?”

मी त्याला उचललं. त्याचं हृदय माझ्या हातात धडधडत होतं आणि डोळे अजून मिटलेलेच. तो टेम्पोची वाट बघत नव्हता. तो माराची वाट बघत होता.

त्याच दिवशी शाळेला रजा टाकून मी स्कूटरवर त्या शेडला गेले. तो माणूस खुर्ची टाकून बसला होता.

“काय झालं बाई? आयकत न्हाई का?”

“ऐकतो. म्हणूनच आज मरत होता. तुम्ही काय केलंत त्याला?”

“काय करनार? शिकवलं.” त्याने आतून वस्तू आणून दाखवल्या, लपवाछपवी काही नाही. आतल्या बाजूला दाते असलेली गळ्यातली साखळी आणि उभी चिरलेली एक बांबूची काठी. “ही गळ्यात घालायची. हाक मारून आला न्हाई, तर वडून आनायचा आन द्यायची एक. चार रोजात येतंय बगा रांगत.”

“नाव घेऊन मारायचात?”

“मंग? कशापायी मारलं ते कळाया नगं व्हय त्याला?” तो हसला. “कुत्र्याला भ्या पायजे. तुमी तर मास्तरीन हाय. तुमाला काय सांगायचं.”

मी ओरडले. काय ओरडले ते आता नीट आठवत नाही, पण शेडमधली सगळी कुत्री दबून खाली बसली, आणि ते बघून मी एकदम गप्प झाले. शाळेत माझ्या टेबलाच्या खणात एक लाकडी पट्टी होती. कडेला पितळेची पट्टी बसवलेली. सातवीतली एक मुलगी आठवली. मी तिचं नाव पुकारलं की ती पांढरी पडून उभी राहायची आणि आधीच हात पुढे करायची. तिला उत्तर येत असायचं की नाही, हे मी कधी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं.

मी स्कूटरपाशी आले तर मागून एक बाई आली. बेडसे गावाच्या वरच्या वाडीतून ती रोज कुत्र्यांचा भात शिजवायला यायची.

“बाई, तुमचं त्ये तपकिरी ना? लय गुनाचं व्हतं. पयले चार दिस लय वरडलं. मंग वरडायचंच सोडलं त्यानं.”

“मावशी, आणि तुम्ही बघत राहिलात?” माझा आवाज अजून चढलेलाच होता.

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. “तुमी तरी कुटं आला व्हता बगाया?”

मग तीच पुढे म्हणाली, “माज्यापाशी यायचं त्ये. मी निस्ती खाली बसायची, भाताचा गोळा हातावर घिऊन. हाक न्हाई मारायची. मान बी तिकडं फिरवायची. त्याचं त्ये यायचं.”

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला तळेगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने त्याच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि मला बोट लावायला सांगितलं. केसांखाली गळाभर बारीक बारीक खपल्यांच्या खुणा होत्या. मी रोज त्याच्या अंगावरून हात फिरवत होते आणि मला त्या लागल्या नव्हत्या.

“आधी त्याचं नाव बदला,” ती म्हणाली. “त्या नावाचा अर्थ त्याच्यासाठी मार असा झालाय. आता तुम्ही कितीही लाडाने हाक मारली तरी त्याला तेच ऐकू येणार.”

बाकी सगळं तिने फार साधं सांगितलं. त्याने आपणहून काही चांगलं केलं की लगेच, त्याच क्षणी, एक ठरावीक शब्द बोलायचा आणि आवडीचा तुकडा द्यायचा. नको ते केलं तर मारायचं नाही, ओरडायचं नाही, त्याला दुसरं काहीतरी करायला द्यायचं. तो घाबरला तर आपण चुकलो, फार घाई केली, असं समजून मागे यायचं.

“म्हणजे लाच देऊन शिकवायचं?” घरी नवरा म्हणाला.

“तुम्ही पगार घेता त्याला लाच म्हणता का?” मी म्हटलं. त्या दिवसांत मी त्याच्याशी धड बोलतच नव्हते. स्वतःवरचा रागही त्याच्यावरच काढत होते, हे आज कबूल करते.

मी रोज शाळेतून आल्यावर फरशीवर बसायचे, कुत्र्याकडे पाठ करून, तळहातावर उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन. अकराव्या दिवशी ओलं नाक हाताला लागलं. छत्री आधी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्याभोवती तुकडे टाकले. मग रोज वीतभर उचलायची. एकदा घाईने पूर्ण उचलली, तर आठवडाभराचं सगळं पाण्यात गेलं आणि पुन्हा जमिनीपासून सुरुवात. नवं नाव सुरुवातीला मी फक्त खाऊ देतानाच घेत होते, म्हणजे त्या नावामागे दुसरं काही येणारच नाही.

नवऱ्याच्या हातून तो खाईना. कारखान्यातून आलेला दमलेला माणूस रोज जमिनीवर बसायचा, हात पुढे करून, आणि कुत्रा भिंतीशी उभा. “मी कधी हात तरी लावला का याला?” एकदा तो म्हणाला. नव्हता लावला. आम्ही दोघांनीही नव्हता लावला. दुसऱ्याला लावायला सांगितला होता.

चार महिन्यांनी गॅलरीच्या कठड्यावर माकड येऊन बसलं आणि कुत्रा भुंकला. एकदाच, खरखरीत, न वापरलेल्या गळ्याने. आणि लगेच फरशीला चिकटला, डोळे मिटून. नवरा जवळ होता. तो हळूच खाली बसला, ठरलेला शब्द बोलला आणि अंड्याचा तुकडा पुढे केला. कुत्र्याने एक डोळा उघडला. बराच वेळ बघत राहिला. मग मान लांब करून तुकडा उचलला. नवऱ्याने चष्मा काढून शर्टाने पुसला आणि दुसरा तुकडा पुढे केला.

आज तो हाकेला धावत येतो. अनोळखी पुरुषाच्या हातात काठी दिसली तर अजून मुततो. ते जाणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाली.

खणातली पट्टी मी शिपायाला कागद कापायला देऊन टाकली. माझ्या वर्गात आता बराच गोंगाट असतो. मुख्याध्यापक पाहुण्यांना दुसऱ्या वर्गात नेतात. त्या मुलीची माफी मागायला मात्र मी अजून गेलेले नाही. धीर होत नाही.

शेडबद्दल मी दोन सरकारी कचेऱ्यांत लेखी तक्रार दिली. एका ठिकाणी साहेबांनी विचारलं, “कुत्रा जिवंत आहे ना मग?” शेड सुरूच आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तिथे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि कुत्रं घेऊन येणारी गाडी थांबवते. बरेच लोक काच वर करतात.

गेल्या रविवारी एक जोडपं लॅब्राडॉरचं पिल्लू घेऊन आलं होतं. बाई ऐकत होत्या. त्यांचा नवरा म्हणाला, “आम्ही काही मारायला सांगितलेलं नाही.”

“काय करतात ते विचारलंत?”

“ते अनुभवी आहेत,” असं म्हणून तो पिल्लू घेऊन आत गेला. बाई गाडीतच मान खाली घालून बसल्या. त्या बाईंची काच ठोठावावी, नाहीतर सरळ आत घुसून पिल्लू हिसकावून आणावं, असं वाटत होतं. शेडचा माणूस फाटकाशी येऊन मला म्हणाला, “बाई, उनात कशापायी हुब्या ऱ्हाता? सावलीला या.”

मी जागची हलले नाही. दुपारपर्यंत आणखी दोन गाड्या आल्या. एक न थांबताच आत गेली. दुसरीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली केली, मांडीवरच्या पिल्लाच्या पाठीवर हात ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं, आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.