शिंदेबाईंचा जुना स्कॅनर

दत्तारामचा राजीनामा माझ्या टेबलावर होता आणि फोन वाजत होता. ग्राहक कंपनीचे पाटणकर साहेब होते. त्यांचा धंदा औषधं पोचवण्याचा.

"मॅडम, तुमच्या कालच्या रिलीजनंतर आमचा घाटावरचा डेपो बंद पडलाय. बर्फाच्या पेट्यांत इन्सुलिन भरून गाड्या उभ्या आहेत. दुपारपर्यंत सुटल्या नाहीत तर सगळं फेकावं लागेल."

"बघते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सकाळीच मी त्याच रिलीजबद्दल सगळ्यांना शाबासकीचा मेसेज टाकला होता.

रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल ग्राहकाच्या चालू कामात सोडणं. एकदा सोडलं की चूक आपल्याकडे राहत नाही, दुसऱ्याच्या कामात जाऊन बसते.

पुण्यात मी चांगली इंजिनीअर होते, म्हणून मला मॅनेजर केलं. कोड सुटला आणि मीटिंगा लागल्या. वैतागून गावी आले आणि ओरोसला कलेक्टर ऑफिसच्या मागे दोन खोल्या घेऊन कंपनी काढली. नियम एकच. मधे साहेब नाही. ज्याने कोड लिहिला त्यानेच ग्राहकाशी बोलायचं, आणि केस पिकले तरी कोडच लिहायचा.

पहिला इंजिनीअर आला तो आरोंद्याचा दत्ताराम. पहिल्या रिलीजच्या दिवशी मला बटण दाबायचा धीर होईना. तर हा उठला, कॉम्प्युटरपुढे हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या वतीने देवापुढे घातलेलं मागणं. एक जण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. त्यात कोणाला विसरून चालत नाही.

गंमत म्हणून सुरू झालं आणि मग त्याशिवाय रिलीज होईना. दत्ताराम ग्राहकांच्या माणसांशी फोनवर तासन्‌तास गप्पा मारायचा. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय इथपर्यंत त्याला ठाऊक. ते सगळे गाऱ्हाण्यात यायचे.

"घाटार डेपोत शिंदेबाय आसा, तिच्याकडे जुनो स्कॅनर आसा, तो बंद पडाक दिव नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

स्कॅनर म्हणजे पेटीवरचे पट्टे वाचणारं हातातलं यंत्र. एक-दोनदा तर गाऱ्हाणं चालू असताना कोणीतरी "व्हय" म्हणायच्या ऐवजी "थांब थांब" म्हणालं, कारण त्या नावावरून राहिलेली चूक आठवली, आणि आम्ही रिलीज रोखलं. किती हसायचो तेव्हा. त्या दोन खोल्यांची मला अजून आठवण येते. भिंतीला ओल होती, पंखा करकरायचा, आणि एवढं मन लावून मी पुन्हा कधी काम केलेलं नाही.

मग माणसं वाढली आणि सगळे घरून काम करू लागले. आमची इंजिनीअर स्नेहल दोडामार्गला, घरच्या काजूच्या बागेत खुर्ची टाकून. ऑफिसात उरलो मी आणि दत्ताराम. पुढे कोड लिहायला आणि तपासायला एआयचं टूल आलं. त्याने हिरवी टिक दिली की रिलीज. मी गाऱ्हाणं बंद केलं. कॉलवर सव्वीस माणसं एकदम ओरडली की नुसता कलकलाट होतो, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मलाच ते जुनाट वाटायला लागलं होतं.

टूल कोणकोणती यंत्रं तपासतं त्याची यादी दत्तारामने वरपासून खालपर्यंत वाचली होती. "ताई, ह्यात शिंदेबाय खंय आसा?"

"अरे, सगळे स्कॅनर आसत त्यात."

"स्कॅनर आसत. बाय नाय."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. गोव्यात नोकरी मिळाली होती.

तर त्या दिवशी फोन ठेवून वळले, तो दत्ताराम दारात.

"शिंदेबाय मां?"

"तुका कसा कळला?"

"तिचो फोन इललो."

कागदोपत्री तो जुना स्कॅनर केव्हाच भंगारात गेला होता, म्हणून टूलच्या यादीत नव्हता आणि नव्या बदलांवर तो चालतो का, हे तपासलंच गेलं नाही. बाई मात्र तोच वापरत होत्या. थंड खोलीत हातमोजे घालावे लागतात, आणि नव्या स्कॅनरची बारीक बटणं हातमोज्याने दाबली जात नाहीत. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. दत्तारामला माहीत होतं, कारण त्याने एकदा विचारलं होतं.

त्याने रोलबॅक केला, म्हणजे कालचे बदल काढून परवाचं सॉफ्टवेअर परत बसवलं. फोनवर बाईंकडून एकेक पेटी वाचून घेतली. साडेअकराला पाटणकर साहेबांचा मेसेज आला, गाड्या सुटल्या.

मी राजीनामा त्याच्यापुढे सरकवला. "दत्ता, रव मरे," थांबायची विनवणीच केली.

"गोयंत शब्द दिलंय, ताई. आणि हयसर माझा काय काम उराक नाय, असा माका दिसला."

ते त्याला मीच दाखवलं होतं. 

त्याच्या शेवटच्या शुक्रवारी एक रिलीज होतं. कॉलवर स्नेहल म्हणाली, "ताई, गाऱ्हाणा घालूया?" तिने आठवडाभर दत्तारामला फोन करून सगळ्या ग्राहकांच्या माणसांची नावं उतरवून घेतली होती.

"घाल," म्हटलं.

तिने एकेक नाव घेतलं. शिंदेबाई आल्या, हातमोज्यांसकट. शेवटी म्हणाली, "आणि आमचो दत्तारामदादा गोयंत जाता. थंय तेका बरी माणसां गावांदेत रे महाराजा!"

सगळे माइक उघडले. तोच कलकलाट. दत्ताराम माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. सवयीने तोही स्वतःसाठीच "व्हय महाराजा" म्हणून गेला. माझ्या तोंडून ते निघेना. त्याने जावं असं मला वाटतच नव्हतं, तर व्हय कशाला म्हणू? सगळ्यांचं म्हणून झालं. मग एकटीनेच म्हटलं, हळू आवाजात.

टूल आम्ही अजून वापरतो. उत्तम आहे. फक्त त्याच्या यादीत आता प्रत्येक यंत्रासमोर ते वापरणाऱ्या माणसाचं नाव असतं, आणि ते मोठ्याने वाचल्याशिवाय रिलीज होत नाही. शिंदेबाईंना मोठ्या बटणांचा नवा स्कॅनर मिळाला. जुन्याचं नाव स्नेहल अजून वाचते. मी तिला अडवत नाही. एकदा गाऱ्हाणं बंद करून यादी छोटी केली होती, तेवढं पुरे.