दादाचा तपकिरी पाव

पुण्यात गाडी बदलून दुपारी चिंचवडला उतरलो. कारखान्याची भिंत संपली की ज्वारीचे शेत, शेत संपले की पुन्हा भिंत. लोक इथे कारखाने पाहायला येतात; मी आलो होतो थोरल्या भावाचा अंगठा पाहायला. दादा इथल्या एका कंपनीत फोरमन. मधुमेहामुळे त्याच्या पायाची जखम चिघळली होती, आणि साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

वहिनींनी मला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली वेटोळी) आणि बाजरीची भाकरी वाढली. दादाच्या ताटात पावाचे तीन तपकिरी काप.

"डॉक्टर म्हणाले, मैदा बंद, कोंड्यासकट धान्य खा," दादा ऐटीत म्हणाला. "आमचे साहेब लोक हाच पाव खातात."

कोंड्यासकट धान्य माझ्या ताटात होते. पण ते पडले गावाकडचे. फोरमनच्या ताटात त्याला कोण येऊ देणार?

हा पाव पिंपरीत मिळे. शिळा नको म्हणून वहिनी रोज दोन मैल चालत जाऊन आणत. तरी लघवी तपासायच्या नळीतले निळे औषध उकळल्यावर विटकरीच होई, म्हणजे साखर होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी पावाला मी गेलो. भट्टीवाला बोलका होता. कणीक कुठली वापरता, असे विचारताच हसू लागला.

"कणीक कशाची राव, मैदाच हाय! साखर काळी हुईस्तोवर जाळायची, तिचं पानी पिठात घालायचं. असा रंग पार चाकणपतोर कुनाला जमत न्हाई."

पाव न घेताच परतलो. वहिनी पाण्याला गेल्या होत्या, तेवढ्यात दादाला सगळे सांगितले. त्याने पायाची पट्टी सोडली, पुन्हा नीट बांधली.

"तिला सांगू नकोस," शेवटी म्हणाला. "चार महिने पायपीट केलीय तिनं."

जेवताना त्याने जाहीर केले, "पावाचा वीट आलाय, मीच याला आणू नको म्हटलं. यापुढे भाकरी कर."

वहिनी भडकल्या. "मी ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, आणि यांना वीट येतो! अंगठ्याची काळजी मलाच. तुम्हाला फक्त जिभेचे चोचले!"

दादा मान खाली घालून जेवत राहिला.

परतीच्या गाडीत आठवले, कारखाना एकही धड पाहिला नाही. अंगठा वाचेल की नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पण घरात कुणाचा शब्द खाली पडू न देता उलट उत्तर देणारा दादा, खरे काय ते एका वाक्यात सांगता येत असताना, बायकोची बोलणी निमूट खात होता. मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.