आमच्या खाली या

माझ्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी पोह्यांच्या आधी ओटीपी मागितला. हे वाक्य आमच्या घरात आजही कुणी उच्चारत नाही. पण वारंगा फाट्यावर ते सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि प्रत्येक जण त्यात पदरचं थोडं घालतो, तेव्हा मीच काय ते सांगून टाकलेलं बरं.

फाट्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात आणि मी त्यांच्यात नवी तार भरून देतो. लाइट कधी कमी येते, कधी एकदम अंगावर येते, त्यामुळे माझं बरं चालतं. (गिऱ्हाइकाची मोटार जळाली की आपण चेहरा पाडून बसायचं, ही या धंद्यातली पहिली शिकवण.) असं सगळं सुखात चाललेलं असताना माझे साडू माणिकराव कळमनुरीहून आले आणि त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं.

ॲपचं नाव सांगत नाही, घरात बंदी आहे. योजना मात्र सोपी होती. आपल्याला एक कोड मिळायचा. तो कोड टाकून जो कुणी ॲप घेईल, तो आपल्या 'खाली' आला. खाली माणसं येत गेली की आपल्याला वस्तू फुकट. आधी घड्याळ, मग मिक्सर, मग भिंतीएवढा टीव्ही आणि तिथून पुढं दर महिन्याला घरबसल्या कमाई.

"पण काम काय करायचं?" मी विचारलं.

"काम न्हाई करायचं," माणिकराव म्हणाले. "तेच तर हाय त्याच्यात."

इतकं पटण्यासारखं माझे साडू आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते. मी त्यांच्या खाली गेलो.

घड्याळ खरंच आलं. ते मनगटावर बांधलं की आपण किती चाललो ते सांगायचं. मी दिवसभर स्टुलावर बसून हातानं तार गुंडाळतो. घड्याळाला वाटलं, मी चालतोय. पहिल्याच संध्याकाळी त्यानं जाहीर केलं, की मी नांदेडला चालत जाऊन परत आलो आहे. बायकोला दाखवलं. वंदना म्हणाली, "मग येताना भाजी काहून आणली न्हाई?" पण माझा विश्वास बसला होता. फुकट वस्तू घरात आली की माणसाची श्रद्धा फार लवकर जागी होते.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मोबाइल काढायला लावू लागलो. हळदीला पाणी तुटलंय, मोटार जळलीय, माणूस रडकुंडीला आलाय आणि मी त्याला म्हणतोय, "ते होईल हो, आधी तुमच्या फोनवर नंबर आला का बघा." बिचारा नंबर सांगायचा. त्याला वाटायचं, मोटार भरायची आता हीच पद्धत आली असंल. अशानं मिक्सरही आला. तो चालू केला की घरातली लाइट जायची, ती गोष्ट वेगळी.

टीव्ही मात्र थोडक्यासाठी अडकला. फाट्यावरची माणसं संपली. म्हणजे माणसं होती, पण मला लांबून बघून रस्ता ओलांडायला लागली. चहावाल्यानं मला बघून मोबाइल गल्ल्यात ठेवून कुलूप घालायला सुरुवात केली. बायकोचं माहेर माणिकरावांनी आधीच आपल्या खाली घेतलं होतं. (एका माहेरात दोन जावई असले की वाटणीत असा अन्याय होतो.) पाच माणसं कमी पडत होती. फक्त पाच.

आणि अशात शीतलला स्थळ आलं.

शीतल म्हणजे माझी मुलगी. डी. फार्मसी झालेली, कळमनुरीला एका मेडिकलमध्ये कामाला. डॉक्टरांचं अक्षर वाचणारी पोरगी ती, तिला माझा चेहरा वाचायला वेळ लागत नाही. मुलाकडचे सिद्धेश्वर धरणाकडचे. मुलाचे वडील बापूराव, स्वतःचं कृषी केंद्र, हळदीचा मळा. मुलगा वैभव एमएस्सी होऊन वडिलांच्याच दुकानात बसायचा. रविवारी येतो म्हणाले. मी विचारलं, किती जण येताय? ते म्हणाले, मी, मंडळी, वैभव, माझी बहीण आणि जीपचा ड्रायव्हर.

पाच. मी फोन ठेवला आणि हात जोडले. देव आहे.

वंदनानं मला रविवारी सकाळी स्वयंपाकघरात बोलावलं. "आज पाव्हण्यांसमोर त्या मोबाइलचं नावबी काढायचं न्हाई."

"मी कशाला काढू?"

"माझ्याकडं बघून सांगा."

मी तिच्याकडं बघून सांगितलं. तेव्हा माझ्या मनात भिंतीवर खिळा कुठं ठोकायचा ते चाललं होतं.

पाहुणे आले, बसले, पाणी झालं. बापूराव माणूस मोठा भारदस्त. पांढरे कपडे, बाह्या मनगटापर्यंत. त्यांनी पिकापाण्याचं विचारलं नाही, घराचं विचारलं नाही. सरळ म्हणाले, "पाव्हणं, तुमचा गोतावळा किती?"

"लई मोठा," मी म्हणालो. "भावकीच अर्धं गाव हाय."

"तुमच्या शब्दाला मान हाय का त्यांच्यात?"

"मी म्हणेल तसं करत्यात."

"बराबर," बापूराव समाधानानं म्हणाले. माझा ऊर भरून आला. आजकाल पैसाअडका सोडून माणसं विचारणारे सोयरे मिळतात कुठं? मला वाटलं, एवढ्या मायाळू माणसाला आपल्या खाली घ्यायला काय हरकत आहे. पत्ता पाठवण्याच्या निमित्तानं त्यांचा नंबर माझ्याकडं होताच. मी मांडीच्या आडोशाला मोबाइल धरून तो हळूच ॲपमध्ये टाकला आणि अतिशय मृदू आवाजात म्हणालो, "पाव्हणं, तुमच्या फोनवर आत्ता चार आकडे आले असतील. तेवढे जरा सांगता का?"

आतून पोह्यांचा झारा खाली पडल्याचा आवाज आला. वंदना ऐकत होती.

बापूराव रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. हसले. त्यांनी डाव्या हाताची बाही वर सरकवली. आत माझ्यासारखंच घड्याळ होतं.

"माझं खातं कधीचंच हाय," ते म्हणाले. "आमी तुमालाच घ्यायला आलो होतो."

दोन बाप एकमेकांच्या मनगटाकडं बघत बसले. ड्रायव्हर तेवढा पोह्यांची वाट बघत होता.

"मग आता असं करा," बापूराव मांडी सैल करत म्हणाले, "तुमी आमच्या खाली या."

"मी साडूच्या खाली हाय."

"साडूला सोडा. मुलाकडची बाजू वर असती, मुलीकडची खाली. ही रीतच हाय."

त्यांची बहीण, म्हणजे मुलाची आत्या, मान हलवून म्हणाली, "आमच्या पोरीच्या येळंला आमी गेलो की खाली."

मी नियम विचारायला माणिकरावांना फोन लावला. घाईत स्पीकर सुरू झाला. एकाच्या खालून निघून दुसऱ्याच्या खाली जाता येतं का, एवढंच मी विचारलं. पलीकडून साडू गरजले, "खबरदार दुसऱ्याच्या खाली गेलास तर. माझा टीव्ही तुझ्यावर अडकलाय. सोयरीक काय, दुसरी बघता येईल." मी फोन बंद केला. आत्याबाईंनी बापूरावांच्या कानात सांगितलं, "साडूबी कामाचा हाय."

मग बापूराव बैठकीच्या सुरात बोलू लागले. "हे बघा पाव्हणं, आमाला हुंडा न्हाई पाहिजे. गाडी नको, कपाट नको. सोनं तुमच्या लेकीला तुमी घालसाल ते."

दारात उभ्या वंदनानं डोळे मिटून नमस्कार केला.

"फक्त लग्नाला तुमच्याकडची जेवढी माणसं येतील, तेवढी मांडवाच्या दारातच आमच्या कोडवर घ्यायची. अक्षता नंतर, आधी ओटीपी."

वंदनानं डोळे उघडले.

इथं कुणाही बापाला राग यायला पाहिजे. मलाही आला. पोरीच्या लग्नात अशी मागणी केली म्हणून आला असं मी लोकांना सांगतो. पण खरं कारण असं, की ती माणसं मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. लग्नात मांडवाच्या दारात मी स्वतःच उभा राहणार होतो.

"ते जमायचं न्हाई," मी म्हणालो. "फार तर तुमच्याकडची माणसं तुमी घ्या, आमच्याकडची आमी."

"आन् दोन्हीकडचे कॉमन पाव्हणे?"

"ते अर्धे अर्धे."

"आन् पोरगी?"

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. शीतलचा नंबर अजून कुणाच्याच खाली नव्हता. मी अनेकदा तिचा ओटीपी मागून बघितला होता, तिनं दिला नव्हता. बापूराव म्हणाले, ती आता आमच्या घरची होणार. मी म्हणालो, अजून माझ्या घरात आहे. ते म्हणाले, सून म्हटल्यावर हक्क आमचा. मी म्हणालो, लहानाची मोठी मी केली. आवाज चढले. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, पोरीवर काय जीव आहे दोघांचा.

तेवढ्यात शीतल चहाचा ट्रे घेऊन आली. हिरवी साडी, केसांत गजरा. कुणीही तिच्याकडं बघितलं नाही. सगळे ट्रेच्या कडेला तिच्या बोटांत धरलेल्या मोबाइलकडं बघत होते. स्वयंपाक येतो का, शिक्षण काय, कुणी काही विचारलं नाही. आत्याबाईंनी तेवढं विचारलं, "बाई, नंबर आधारला जोडलेला हाय का?"

शीतलनं ट्रे स्टुलावर ठेवला आणि कोपऱ्यात बसलेल्या वैभवला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

वैभवनं वडिलांकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं. "मी वडलांच्या खाली हाय," तो म्हणाला.

"मग तिथंच राहा," शीतल म्हणाली. "चहा घ्या, गार होईल."

आणि ती आत निघून गेली.

पाहुण्यांनी चहा घेतला. पोहेही खाल्ले. (वंदनानं दिले, पण बशा अशा ठेवल्या की त्यांच्यावर आलेले तडे अजून आहेत.) जीपमध्ये चढताना बापूराव म्हणाले, "पोरगी तिखट हाय. आमच्याच्यानं व्हायचं न्हाई." मग माझा हात धरून मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "पण पाव्हणं, तुमच्या मंडळींचा नंबर मोकळा हाय का?"

मी घरात आलो. शीतल मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. गजरा काढून शेजारी ठेवलेला. मी चांगला बाप असल्यासारखा जवळ जाऊन म्हणालो, "जाऊ दे पोरी. माणसंच लोभी होती."

"पप्पा," ती म्हणाली, "सकाळपासून साडी नेसून बसले होते मी. त्यांच्यातल्या एकानंबी माझ्याकडं बघितलं न्हाई. त्याचं मला काही न्हाई. तुमीबी न्हाई बघितलं."

तेवढ्यात माझं घड्याळ थरथरलं. आजचं चालणं पूर्ण केल्याबद्दल त्यानं माझं अभिनंदन केलं.

मी ते तिथंच काढून खिशात टाकलं.

पुढं काही विशेष झालं नाही. एके सकाळी ॲप उघडेना. माणिकरावांना फोन केला, ते उचलेनात. टीव्ही कुणालाच आला नाही. आले ते कर्जाचे फोन. माझ्या कोडवर ज्यांनी ज्यांनी नंबर दिला होता, त्या सगळ्यांना दिवसातून अनेकदा एक बाई हिंदीत विचारू लागली, की आपको लोन चाहिए क्या. निंदायला वाकलेल्या माणसाला विचारायची, बैल पाण्यावर नेणाऱ्याला विचारायची. आमचा एक चुलता तर तिला मुलगी समजून रोज ख्यालीखुशाली सांगतो. आजही फाट्यावर कुणाचा फोन वाजला आणि समोरून हिंदी आलं, की सगळं हॉटेल माझ्या दुकानाकडं बघतं.

शीतलनं पुढं आपलं आपणच जमवलं. मुलगा तिच्याच मेडिकलशेजारी चष्म्याचं दुकान चालवतो. बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा माझा मोबाइल वंदनानं पिठाच्या डब्यात ठेवला होता, त्यामुळे मी पूर्ण वेळ मुलाकडं बघितलं. मुलगा चांगला वाटला. लग्नही नीट झालं. मांडवाच्या दारात मी उभा होतो, पण दोन्ही हातांत गुलाबदाण्या देऊन मला उभं केलं होतं.

जावई खरोखर गुणी निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आला तेव्हा गप्पांत सहज बोलून गेला, की दुकानाचा एक, घरचा एक आणि जुना एक, असे तीन चालू नंबर आहेत त्याच्याकडं. जेवणं झाल्यावर शीतलला बाजूला घेऊन विचारलं, "तीन नंबर हायेत, हे मला आधी काहून न्हाई सांगितलं?"

ती म्हणाली, "म्हणूनच."