लॅमिनेट केलेलं रेशन कार्ड

हेंद्रेपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या गेटजवळ एक पारधी जोडपं हार विकतं. गेल्या पावसाळ्यात नवऱ्याची जागा बरेच दिवस रिकामी दिसली. मी सहसा कुणाला काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं.

"आत हाय," ती सुई न थांबवता म्हणाली. "समोरच्या साइटवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. तिथला सुपरवायझर आन माझा नवरा, दोघांना धरलं. सुपरवायझरकडं गोदामाची चावी होती, ह्याच्याकडं नुसती जात. कोर्टानं दोघांना एकाच दिवशी जामीन दिला. तो संध्याकाळी घरी. जामीनदार ऱ्हायला त्याच्या भावाकडं पगाराची स्लिप, रेशन कार्ड, समदं होतं. आमच्यात कुणाकडं हाय? दोन महिने झाले." मग मला नीट न्याहाळून, "ताई, तुमच्याकडं स्लिप असंल ना?"

होती. रेशन कार्ड बाबांच्या कपाटात होतं.

"पारधी आहेत गं. पळाला तर पैसे तू भरणार का?"

"भरेन."

मी उलट उत्तर दिल्याचं बाबांना इतकं नवल वाटलं, की त्यांनी कार्ड काढून दिलं.

उल्हासनगरच्या कोर्टात क्लार्कने ते उलटसुलट केलं. बाबांनी घरातला एकूण एक कागद लॅमिनेट केलेला आहे. "जामीनदाराच्या कार्डावर मागे शिक्का मारावा लागतो. प्लॅस्टिकवर शाई बसते का?" क्लार्कने मारूनही दाखवला. शाई त्यांच्याच बाहीला लागली. "मॅजिस्ट्रेट मॅडम जेवायला उठायच्या आत सोलून आणा. फाटलं तर चालणार नाही. मग तो आतच."

हारवालीने पायरीवर बसून कंबरेची सुई काढली. शिक्क्यापुरता चौकोन कोरला आणि गुलाबाची बाहेरची पाकळी काढावी तसा पापुद्रा ओढला. "श्वास घ्या ताई," ती मला म्हणाली, "तुमचा जामीन नंतर बघू." कार्डाचा थोडा रंग गेला. अक्षरं राहिली.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, "आरोपीला कशा ओळखता?"

"रोज हार घेते. शिळं फूल हारात घालत नाहीत."

"पळून गेला तर?"

शाळेत फळ्यापाशी उभं केलं की माझा आवाज जायचा, तसाच जाणार असं वाटलं. पण म्हणाले, "दसरा आलाय, मॅडम. दसऱ्याला हारवाला कुठे पळेल?"

मागे बसलेले वकील हसले. मॅडम हसल्या नाहीत, सही मात्र केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कल्याणच्या जेलमधून सुटून आला आणि आल्या आल्या बायकोच्या गाठी सैल म्हणून तक्रार करायला लागला. "जा मग परत," ती म्हणाली.

दसऱ्याला सुपरवायझर बाइकसाठी हार घ्यायला थांबला. हारवाल्याने आपल्या हाताने हँडलला बांधून दिला.

"येतोस ना सोमवारी तारखेला?" सुपरवायझरने विचारलं.

"येतो की," हारवाला म्हणाला. "मला घेऊन चल मागं बसवून. केस एकच हाय."