दादाच्या पत्त्यांवरचा रुपया

आईला नाही, बायकोला नाही — ही गोष्ट मी अजून कुणाच्याच कानावर घातलेली नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

वडवणीतून आठवीत शाळा सोडून निघालेला मी आज गोव्यात पोकर खेळून पोट भरतो. पोरं विचारतात, यासाठी काय लागतं? धीर लागतो, हिशोब लागतो, अन् बहुतेक डावांत पत्ते टाकून गप बसायची तयारी. हे सगळं मला नामदेवदादानं शिकवलं. दादा नांदूरघाटचा, आमच्याच भागातला. त्यानं खोलीत जागा दिली, कुठला पत्ता लागायची किती शक्यता ती टक्केवारी शिकवली, आपल्या ताटातलं खाऊ घातलं. एवढं कोण कुणासाठी करतं?

आमचा एक नियम होता — खेळून आलं की हातातले पत्ते उघडे पाडणाऱ्या एकमेकांच्या खोडी सांगायच्या.

"चांगला पत्ता आला की तुझा श्वास अडकतो बे, मानगूट धरलेल्या कोंबड्यावानी!" दादा हसायचा. मग विचारायचा, "अन् माझं काय दिसतं?"

"काहीच न्हाई, दादा."

दिसत होतं. आमच्याकडं बांधावर, वाऱ्यात पत्ते खेळतात. चांगले पत्ते खड्याखाली दाबायचे. फालतू उडाले तर उडाले. एसी हॉलमध्येही दादा चांगल्या पत्त्यांवर रुपयाचं नाणं ठेवायचा, फालतू तसेच सोडायचा. त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बाकीचे समजायचे, काहीतरी शकुन असेल.

मी सांगितलं का नाही? विसरलो? नाही — राखून ठेवलं होतं.

अन् मग ती स्पर्धा! शेवटी दोघंच उरलो, मी आणि दादा. जिंकेल त्याला एक शेठ वर्षभर आपल्या खर्चानं खेळवणार होता. हरलो तर गावी येऊन भावाच्या हॉटेलात बसतो, असं दादानं घरी कबूल केलेलं. मधे दोघांच्या सामाईक पाचही पत्त्यांचा डाव उघडलेला, त्यात एक्का, राजा पडलेले. माझ्याकडं नुसती नव्व्यांची जोडी. दादानं सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या. त्याच्याकडं एखादा एक्का किंवा राजा असला तरी मी मेलो; शहाणा माणूस इथं पत्ते टाकतो! मी त्याच्या पत्त्यांकडं बघितलं — रुपया नव्हता. काय सांगू! अंगभर वीज खेळली. मीही सगळ्या चिप्स लावल्या.

राणी अन् गुलाम. त्याच्याकडं साधी जोडीही नव्हती. हॉलभर आरडाओरडा! दादानंच मला उचललं — "लई काळीज हाय बे तुझ्यात!"

आता तो हॉटेलात भजी तळतो, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या काळजाची गोष्ट सांगतो. मी सांगू देतो.

ते वर्ष त्याचं होतं. मी खेळलो — अन् लई मजा आली.