डाव्या कानाचं गाऱ्हाणं

इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मला आचऱ्याच्या सासरची पडवी आठवते. लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची झडप आकसली होती, मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं. आधी सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माझं तोंड गरगरीत झालं, तर सासूबाई खूश, "सून अंगान भरली गो!" मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र कळवलं होतं, या गोळ्यांनी रक्त गोठण्यात फरक पडू शकतो, तपासून घ्या. म्हणून गावचे डॉक्टर आले, माझ्या डाव्या कानाच्या पाळीला स्पिरिट लावून सुई टोचली आणि घड्याळाकडे बघत दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाने रक्त टिपू लागले. रक्त काही थांबेना. सासऱ्यांना राहवलं नाही, त्यांनी हात जोडून देवाला गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, सुनेचा रगात वेळेर थांबांदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळी पडवी एका सुरात म्हणाली, आणि डॉक्टरही. तेही आचऱ्याचेच, हात आपोआप जोडले गेले, टिपकागद उडून अंगणातल्या कोंबड्यांत पडला आणि किती मिनिटं झाली ते कुणालाच कळेना. "आता दुसरो कान," डॉक्टर ओशाळून म्हणाले, "आणि काकानू, गाऱ्हाणा मागसून घाला!" मी हसून हसून बेजार. उजव्या कानाचं रक्त मुकाट्याने तीन मिनिटांत, म्हणजे अगदी वेळेत थांबलं. मुंबईला पाठवायच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं आणि हळूच म्हणाले, "डाव्याचा देवाक ठावक." मुंबईत मोकळी केलेली ती झडप आज माझ्या पतवंडांमागे धावते आहे, आणि त्याचं श्रेय मी अजूनही डाव्याच कानाला देते.